पाठवलेले पत्र, पोचलेले पत्र

नेसरीला पाहुणा आला की त्याला खिंड दाखवायला न्यावे लागते. गडहिंग्लज तालुक्यातील या गावाचे नाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते २४ फेब्रुवारी १६७४ या एका दिवसामुळे. त्या दिवशी स्वराज्याचे सरनोबत प्रतापराव गुजर विजापूरच्या बहलोलखानाच्या फौजेवर मोजक्या स्वारांनिशी तुटून पडले आणि मारले गेले. सात हा आकडा पाहुण्याला तोंडपाठ असतो. कुसुमाग्रजांच्या कवितेने तो घरोघर पोचवला आहे. स्मारकासमोर क्षणभर हात जोडून झाले की तो उरलेल्या सहांची नावे विचारतो, आणि येथे सोबतच्या मराठीच्या प्राध्यापकाची थोडी पंचाईत होते.

रायगडाहून नारायण शेणवी याने मुंबईच्या इंग्रजांना एप्रिल १६७४ मध्ये जे पत्र पाठवले, त्यात दोन डोंगरांमधली अरुंद वाट आहे, प्रतापराव आहेत, त्यांच्याबरोबरचे सहा घोडेस्वार आहेत. सहांची नावे मात्र नाहीत. आज जी नावे सांगितली जातात ती पुढच्या काळातली. महाराजांनी प्रतापरावांना लिहिलेल्या संतप्त पत्राचेही तेच. ते आपल्याला माहीत आहे ते कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीतून; आणि ही बखर जिंजीला लिहिली गेली ती १६९७ च्या सुमारास, म्हणजे घटनेनंतर तेवीस वर्षांनी. पत्राचा मूळ कागद हाती नाही.

यामुळे प्रतापरावांच्या शौर्याला काही उणेपणा येत नाही, आणि बखर खोटी ठरते असेही नाही. परंतु जे पाठवले गेले, जे पोचले आणि जे मागाहून सांगितले गेले या तीन गोष्टी वेगळ्या असतात, हे इतिहासाच्या अभ्यासकाने विसरायचे नसते. वि. का. राजवाड्यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड प्रसिद्ध केला आणि पुढे गावोगावची दप्तरे धुंडाळण्यात आयुष्य वेचले, ते याच एका आग्रहापोटी. अस्सल कागद आधी, कथा नंतर.

हा धडा मी वर्गात वर्षानुवर्षे शिकवत आलो. तो मला स्वतःला आलेला नाही, हे कळले ते संगणकासमोर.

२

गोष्ट साधी आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या भागातील एका महाविद्यालयात मी विद्यार्थ्यांच्या याद्यांसाठी पीएचपीत एक लहानशी आज्ञावली हौसेने लिहिली होती. हौशी माणसाच्या गळ्यात काम पडतेच. शिष्यवृत्तीचा अर्ज भरला की ही आज्ञावली विद्यार्थ्याचे नाव व क्रमांक दुसऱ्या एका ठिकाणच्या संगणकाला पाठवी, आणि तिकडून अर्जाच्या स्थितीचा जाब येई. संगणकवाल्यांच्या भाषेत याला वेबसेवेला केलेली हाक म्हणतात. जुन्या भाषेत सांगायचे तर हा जासूदच : खलिता घेऊन जायचे, जाब घेऊन यायचे.

शेदीडशे नावांचा जाब नीट आला. एका मुलीच्या नावाला मात्र दर वेळी एकच उत्तर : नोंद सापडली नाही. मुदत संपायला पाच दिवस होते. तिचे वडील दोनदा येऊन गेले, दर खेपेला नव्या झेरॉक्स प्रती घेऊन. कागदोपत्री सारे काही ठीक होते. कार्यालयातील लिपिकांचे म्हणणे, मुलीने नाव चुकीचे लिहिले असणार. वडिलांचे म्हणणे, शाळेच्या दाखल्यापासून हेच नाव आहे, सर. माझे म्हणणे, घोळ तिकडचाच आहे. तिघेही आपापल्या बखरी सांगत होतो. माझ्या आज्ञावलीने तारेवर नेमके काय धाडले, हा अस्सल कागद तिघांपैकी एकानेही पाहिला नव्हता. मी तर तो लिहिणारा. मला तो पाहण्याची गरजच वाटली नव्हती. आपण काय पाठवले ते आपल्याला ठाऊकच असते, अशी माझी समजूत होती.

३

ही समजूत माझ्या एकट्याची नाही. दूरच्या संगणकाशी बोलण्याच्या शास्त्राची उभारणीच एका अर्थाने तिच्यावर झाली आहे. १९८४ मध्ये झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रातील अँड्र्यू बिरेल आणि ब्रूस नेल्सन यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. दूरच्या यंत्रावरील काम करून घेणे हे आपल्याच यंत्रावरील काम करून घेण्याइतके सोपे दिसावे, हा त्यांचा हेतू. आज्ञावली लिहिणाऱ्याने घरातल्या माणसाला हाक मारावी तशी हाक मारायची. निरोप बांधणे, धाडणे, उलगडणे हे पडद्याआड व्हावे. कल्पना मोठी होती आणि ती रुजलीही. पण जो पडदा सोय करतो तोच चूकही झाकतो. दहा वर्षांनी, १९९४ मध्ये, सन मायक्रोसिस्टिम्समधील जिम वाल्डो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमका उलटा इशारा दिला : घरातली हाक आणि परगावची हाक यांतला भेद लपवू नका, तो लपत नाही. त्याच सुमारास तेथीलच पीटर डॉइच यांनी नवख्यांच्या गैरसमजांची यादी केली. तिच्यात पहिलाच गैरसमज होता, जाळे भरवशाचे असते.

पीएचपीचा जन्म याच काळातला. रासमुस लेर्डोर्फ या तरुणाने १९९४ मध्ये, महाजालावर ठेवलेले आपले जीवनवृत्त कोण वाचते हे पाहण्यासाठी, काही लहान आज्ञावल्या लिहिल्या आणि जून १९९५ मध्ये त्या सर्वांना खुल्या केल्या. घरगुती गरजेपोटी जन्मलेली ही भाषा १९९८ च्या तिसऱ्या आवृत्तीनंतर जगभर पसरली. २००३ मध्ये सुरू झालेला मराठी विकिपीडिया ज्या प्रणालीवर चालतो, तीही पीएचपीतच लिहिलेली आहे. शिकायला सोपी, चुकांबाबत उदार, असा तिचा स्वभाव. उदार माणसाच्या घरात कोणती वस्तू कधी हरवली हे चटकन कळत नाही, तसे या भाषेत होते.

वेबसेवांचे औपचारिक युगही १९९८ च्या आसपास सुरू झाले. आधी एक्सएमएल-आरपीसी, मग 'सोप' नावाचा करार. मे २००० मध्ये त्याची १.१ ही आवृत्ती डब्ल्यू३सी या संस्थेकडे नोंदली गेली आणि जून २००३ मध्ये १.२ ला प्रमाणभूत मान्यता मिळाली. सोपमध्ये निरोपाला लखोटा असतो. त्याला शब्दच तसा आहे. लखोट्यात मथळा, मथळ्याखाली मजकूर. कोणत्या दरबारात काय मागता येईल आणि कोणत्या शब्दांत, हे सांगणारा डब्ल्यूएसडीएल नावाचा दस्तऐवज वेगळा. जुलै २००४ मध्ये आलेल्या पीएचपी ५ ने सोपची सोय भाषेतच दिली.

येथे दोषशोधनाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट घडली. या सोयीत 'ट्रेस' नावाचा एक पर्याय होता. तो चालू ठेवला, तर शेवटी गेलेला लखोटा आणि शेवटी आलेला लखोटा जसाच्या तसा पुन्हा वाचता येई. चालू केला नाही, तर मागाहून कितीही विचारा, हाती काही येत नसे. निरोप गेला, आला, विरून गेला. हा पर्याय मुळात बंद असे. कागद जपण्याची सवय माणसाला मुद्दाम लावून घ्यावी लागते, ती अशी. दुसराही एक खड्डा होता. डब्ल्यूएसडीएलची उतरलेली प्रत पीएचपी एक दिवसभर, म्हणजे ८६,४०० सेकंद, जवळ ठेवून देई. समोरच्याने आपले नियम सकाळी बदलले, तरी आपला जासूद संध्याकाळपर्यंत कालच्या नियमांनी मुजरा करत राहायचा, आणि चूक मात्र समोरच्याची वाटायची.

पुढे लखोटे जड वाटू लागले आणि जेसन नावाचा सुटसुटीत कागद प्रचारात आला. मजकूर हलका झाला, पण मौन वाढले. पीएचपीला जेसन उलगडता आला नाही, तर ती 'नल' म्हणजे 'काही नाही' असे उत्तर देते. आणि समोरच्याने खरोखरच 'काही नाही' असे कळवले असेल, तरीही उत्तर तेच. जाब रिकामा आहे की आपल्याला वाचता आला नाही, हे त्या उत्तरावरून कळत नाही. चूक झाली का, ते वेगळे विचारावे लागते. चूक होताच काम थांबवून ओरडण्याची सोय भाषेत आली ती २०१८ मध्ये, ७.३ या आवृत्तीत, आणि तीही आपण मागितली तरच.

४

आता मराठी अक्षरांकडे वळतो. त्या मुलीचे नाव तिथेच अडकले होते.

'नेसरी' हा शब्द घ्या. वाचणाऱ्याला त्यात तीन अक्षरे दिसतात. युनिकोडच्या हिशेबात ती पाच चिन्हे आहेत : न, एकाराची मात्रा, स, र आणि दीर्घ वेलांटी. पीएचपीला लांबी मोजायला सांगितली की ती पंधरा म्हणते, कारण ती अक्षरे मोजत नाही, बाइट मोजते. आणि यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते. हा मजकूर आधीच यूटीएफ-८ मध्ये असताना कोणी सद्भावनेने तो पुन्हा एकदा त्याच पद्धतीत 'बदलून' घेतला, तर पंधराचे तीस होतात आणि पलीकडे अनाकलनीय खुणांची रांग उमटते. हा दुहेरी संस्कार करणारे जुने साधन पीएचपीने २०२२ च्या ८.२ आवृत्तीत कालबाह्य ठरवले. याउलट पंधरा बाइटांचा शब्द दहाव्या बाइटावर तोडला, तर 'र' अर्धवट चिरला जातो आणि तो शब्द घेऊन जेसन तयारच होत नाही.

बाइटांच्या ऐवजी अक्षरांच्या भाषेत बोलणारी पीएचपी घडवण्याचा एक मोठा प्रयत्न २००५ पासून झाला. ती सहावी आवृत्ती ठरायची होती. काम अवघड होत गेले, २०१० मध्ये ते सोडून देण्यात आले, आणि २०१५ मध्ये भाषा पाचवरून एकदम सातवर गेली. न जन्मलेल्या त्या सहाव्या आवृत्तीची किंमत ज्यांची लिपी इंग्रजी नाही त्यांनी अजून चुकवायची आहे.

आपल्या बाजूचा इतिहासही सरळ नाही. पुण्यातील सी-डॅकच्या जिस्ट तंत्रामुळे भारतीय लिप्या संगणकावर आल्या, १९९१ मध्ये इस्की हे भारतीय प्रमाण ठरले, आणि त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत इस्कीच्याच आराखड्यावर देवनागरीला जागा मिळाली. तरीही पुढची पंधरावीस वर्षे आपली छपाई आणि कार्यालये निरनिराळ्या टंकांवर चालली, ज्यांत पडद्यावर मराठी दिसे आणि आत रोमन अक्षरांचे संकेत असत. टंक बदलला की मजकूर निरर्थक. दिसणे आणि असणे यांतली ही फारकत आपल्या अंगवळणी पडली.

या सगळ्यात मराठीचे स्वतःचे असे एक अक्षर आहे : 'दऱ्या', 'वाऱ्या', 'तऱ्हा' यांतला आडवा अर्धा र. हिंदीला त्याची गरज पडत नाही, आपल्याला पडते. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. युनिकोडमध्ये हा र लिहिण्याच्या दोन वाटा आहेत. एक इस्कीला धरून : नुक्ता असलेला ऱ (क्रमांक ०९३१) आणि त्यापुढे हलन्त. दुसरी युनिकोडच्या १९९६ च्या दुसऱ्या आवृत्तीशी सुसंगती राखण्यासाठी ठेवलेली : साधा र (०९३०), हलन्त, आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह. कोणता कळफलक वापरला यावर कोणती वाट हे ठरते. पडद्यावर दोन्हींचे रूप एकच. आत मात्र दोन वेगळे शब्द.

५

त्या मुलीच्या आडनावात 'ऱ्ह' होता. आडनाव येथे देत नाही. 'कुऱ्हाड' या शब्दावर काम भागेल.

तिसऱ्या दिवशी मी शेवटी करायचे ते केले. आज्ञावलीत अशी व्यवस्था केली की, तारेवर जाणारा मजकूर जाण्याच्या क्षणी एका नोंदवहीत उतरावा, आणि आलेला जाब उलगडण्यापूर्वी तसाच उतरावा. वेळ, पत्ता, लांबी आणि प्रत्यक्ष बाइट. मग शेजारी कोऱ्या कागदावर, माझ्या मते जे जायला हवे होते ते लिहिले. ऱ च्या वाटेने लिहिलेल्या 'कुऱ्हाड'ची सात चिन्हे, म्हणजे एकवीस बाइट. नोंदवहीत चोवीस होते. तीन बाइट जास्त. म्हणजे डोळ्यांना न दिसणारे एक चिन्ह. आमची यादी ज्या कळफलकावर टंकलेली होती, त्याने जोडचिन्हाची वाट धरली होती.

दोष हाती लागल्याच्या आनंदात मी लगेच एक चूक केली. ते अदृश्य चिन्ह काढून टाकले. लांबी बरोबर एकवीस भरली. जाब तोच : नोंद सापडली नाही. पुन्हा बाइट वाचले तेव्हा उमगले. जोडचिन्ह गेल्यावर मागे साधा र आणि हलन्त उरतो, आणि तो पुढच्या 'ह'च्या डोक्यावर रफार होऊन बसतो : 'कुर्हाड'. सात चिन्हे, एकवीस बाइट, आणि शब्द तिसराच. दऱ्यांचा दर्या होतो तो असा. आकडा जुळला म्हणजे पाठ जुळला असे नव्हे, हे ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाहणाऱ्याला सांगावे लागू नये. मला ते या वयात शिकावे लागले.

युनिकोडचा स्वतःचा एक शुद्धीसंस्कार आहे आणि पीएचपीत तो उपलब्धही आहे. त्यानेही हे काम होत नाही. साधा र आणि सुटा नुक्ता असे लिहिले असेल, तर तो संस्कार त्यांचा एकसंध ऱ करतो. जोडचिन्हाच्या वाटेला मात्र तो हात लावत नाही, कारण त्याच्या मते ती वेगळीच लेखनरीत आहे. म्हणून बदल आपल्यालाच स्पष्ट लिहावा लागतो : र, हलन्त, जोडचिन्ह ही तिन्ही एकापुढे एक आली, तर त्यांच्या जागी ऱ आणि हलन्त ठेवावा. एक ओळ. ती लिहून पुन्हा हाक मारली, आणि जाब आला. मुदतीला दोन दिवस होते.

समोरच्या यंत्रणेला मी नंतर कळवले ते तक्रार म्हणून नव्हे. गेलेले बाइट, आलेला जाब, वेळ आणि अपेक्षित रूप, एवढेच. 'तुमचे चालत नाही' असे लिहिणारी पत्रे कोणी वाचत नाही. पुराव्याचे पत्र वाचावे लागते. नोंदवहीतून मात्र नावे आणि क्रमांक मी काम होताच पुसले. दोष शोधण्यासाठी उघडलेला खलिता उघडाच टाकून जाणे हा दुसरा दोष.

६

१९४७ च्या सप्टेंबरात हार्वर्ड विद्यापीठाच्या मार्क २ या यंत्रात एक पतंग अडकलेला सापडला आणि तो तेथील नोंदवहीत चिकटवून ठेवला गेला, ही हकीकत संगणकाच्या इतिहासात पुष्कळदा सांगितली जाते. 'बग' हा शब्द त्या दिवशी जन्मला असे म्हणतात. तेही बखरीसारखेच, कारण एडिसनने १८७८ च्या एका पत्रात तो याच अर्थाने वापरला आहे. मला या हकीकतीतले महत्त्वाचे वाटते ते वेगळेच : त्या माणसांनी पतंग फेकून दिला नाही. वहीत, तारीख आणि वेळेसह, पुरावा ठेवला.

इतिहासाचा अभ्यासक आणि आज्ञावलीकार यांत एक मोठा फरक आहे. आज्ञावलीकार तोच प्रश्न पुन्हा पाठवून पाहू शकतो. तेही जपून, उत्तर आले नाही याचा अर्थ काम झाले नाही असा नसतो, आणि शुल्क भरण्याची हाक दोनदा मारली तर पैसेही दोनदा जातात. अभ्यासकाला तेवढीही सोय नाही. रायगडाहून निघालेले पत्र कोणत्या शब्दांत प्रतापरावांच्या हाती पडले, ते पुन्हा पाठवून पाहता येत नाही. त्या पत्रातला राग किती महाराजांचा, किती बखरकाराचा, हे ठरवायला आपल्याकडे दुसरी प्रत नाही.

म्हणून आता पाहुण्याला खिंडीत नेतो तेव्हा सहांची नावे विचारली की मी थोडे थांबतो. लोक जी नावे सांगतात ती सांगतो. ती कधीच्या कागदात आहेत आणि कोणत्या कागदात नाहीत तेही सांगतो. काहींना ते रुचत नाही. माझ्या डोळ्यांसमोर मात्र दाराशी झेरॉक्सची चळत घेऊन उभे असलेले ते गृहस्थ येतात. पाच दिवस आम्ही तिघे आपापली खात्री सांगत बसलो असतो, तर त्यांच्या मुलीची नोंद सापडली नसती. आणि ती तिची चूक म्हणूनच दप्तरी लागली असती.